आपल्या भूमींतील प्राचीन प्राणी व बालशिक्षण

हल्लीं चौथी-पांचवींतील मुलास अमेरिकेंत सांपडलेल्या डायनोसॉरांचीं नांवें तोंडपाठ असतात. परंतु तसले प्राणी आपल्या नागपूर-चंद्रपुराच्या भूमीवरही वावरत होते, असें सांगितल्यास तें थक्क होतें. नवल म्हणून जें कांहीं असावयाचें तें परदेशांत, आपल्या गांवीं पाहण्यासारखें कांहींच नाहीं, ही समजूत बालमनांत रुजणें मला फार घातक वाटतें. म्हणून प्राचीन प्राण्यांचा पाठ आपल्या पायांखालच्या जमिनीपासूनच सुरू व्हावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

या पाठास सामग्रीची वाण नाहीं. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले. उपदेश व अध्यापन हीं कामें संभाळून त्यांनीं टाकळीसारख्या ठिकाणचे जीवाश्म गोळा केले, आणि १८५५ सालीं आपले सहकारी हंटर यांच्यासह त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुरा येथें तर डायनोसॉरांच्या हाडांबरोबर दगड बनलेली विष्ठाही सांपडली. हें ऐकून मुलें हंसतील. त्यांस हंसूं द्यावें, आणि मग विचारावें कीं, हिच्यावरून काय कळेल बरें? २००५ सालीं शास्त्रज्ञांनीं त्या विष्ठेंत गवताचे सूक्ष्म कण दाखविले. तोंवर गवताचा प्रसार डायनोसॉरांच्या लोपानंतर झाला, असें बहुधा मानीत. जगांतील विद्वानांची एक समजूत आपल्या शेजारच्या खेड्यांतील खड्यांनीं पालटली, हें कळल्यावर कोणतें मूल आपल्या मातीस क्षुद्र लेखील?

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांचा काळ कोवळ्या बुद्धीस पेलणार कसा, असा आक्षेप घेतात. त्यास मोजपट्टी पुरेशी आहे. एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर धरावा. ख्रिस्तजन्मापासून आजवरचा काळ सुमारें दोन मीटर, म्हणजे वर्गांतील फळ्यावर मावेल एवढा होतो. डायनोसॉरांच्या अंतापर्यंत पोंचण्यास मात्र ६६ किलोमीटर, म्हणजे नागपुराहून जवळजवळ भंडाऱ्यापर्यंत चालावें लागेल! मनुष्यानें त्यांस कधींच पाहिलें नाहीं, हें मग निराळें सांगावें लागत नाहीं.

कांहीं पालकांस भय वाटतें कीं, अशा शिक्षणानें मुलांची श्रद्धा डळमळेल. हिस्लॉपसाहेब स्वतः धर्मोपदेशक होते. दगड तपासतांना त्यांच्या हातून बायबल सुटलें नाहीं. उलट, या पाठांत सत्यनिष्ठेची मोठी शिकवण आहे. प्राण्याचा आकार हाडांवरून कळतो. चित्रांतील त्याचा रंग हा पुष्कळदां चित्रकाराचा तर्क असतो. पुरावा कोणता व अनुमान कोणतें, हें शिक्षकानें प्रत्येक वेळीं वेगळें करून सांगितलें पाहिजे. ही संवय ज्या मुलास लागली, तें पुढें बाजारगप्पांस सहसा भुलणार नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, सुटींत गांवीं गेल्यावर ओढ्याकांठचे, खाणींतले दगड डोळसपणें पाहा. एखादा विलक्षण दिसल्यास तो उपटूं नका, फोडूं नका. जागा टिपून घ्या व शिक्षकांस कळवा. जीवाश्माचें वय तो ज्या थरांत पडला आहे त्यावरून ठरतें. थरांतून काढलेला जीवाश्म म्हणजे जबानी पुसलेला साक्षीदार होय. आणि पालकहो, मुलानें खिशांतून आणलेला दगड केर म्हणून फेंकण्यापूर्वीं, तो कोठें सांपडला एवढें तरी त्यास अवश्य विचारा.