‘लिहिले’ म्हणण्याआधी



आपल्या घरांतील कितीतरी मुले-मुली आज बँकांत, रुग्णालयांत, कारखान्यांत संगणकाच्या खोलीत रात्रपाळी करतात. ‘यंत्र फार हळू चालते’ ही साहेबांची तक्रार त्यांना रोज ऐकावी लागते. यंत्राचा वेग कसा वाढतो आणि त्यात धोका कोठे असतो, हे आम्ही आज घरातील सर्वांना कळेल असे सांगणार आहोत.

बचत गटाची बैठक डोळ्यांसमोर आणा. पक्की वही कपाटात असते. प्रत्येक हप्त्याला उठून कपाट उघडायचे तर बैठक संपणारच नाही. म्हणून सचिवताई मांडीवरच्या कच्च्या वहीत टिपून घेतात आणि मग सवडीने पक्क्या वहीत उतरवतात.

लिनक्स प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, हेच करतो. मोकळी रॅम वाया न घालवता तो डिस्कवरील मजकूर तेथे ठेवतो, बहुतेक यंत्रांवर 4 किलोबाइटच्या एकेका पानाने. यालाच पेज कॅश म्हणतात. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे 8 मिलिसेकंद लागतात. रॅम त्याहून हजारो पट लवकर उत्तर देते.

जो सर्व्हर आपली डिस्क नेटवर्कवरून इतर संगणकांना वापरायला देतो, त्याला स्टोरेज टार्गेट म्हणतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये 2011 पासून एलआयओ नावाचे टार्गेट आहे. त्यात ‘ब्लॉक’ हा मार्ग थेट डिस्ककडे जातो, तर ‘फाइलआयओ’ हा मार्ग पेज कॅशमधून जाऊ शकतो. दहा संगणकांनी तोच मजकूर मागितला, तर पहिल्यासाठी डिस्क फिरते, बाकीच्यांना रॅममधून मिळतो. वाचण्यात धोका नाही, कारण मूळ प्रत डिस्कवर असतेच. रॅम भरलेली दिसली म्हणून घाबरू नये. गरज पडली की कर्नल ती जागा मोकळी करतो.

धोका आहे तो लिहिण्यात. ‘राइट-बॅक’ चालू असेल तर टार्गेट नोंद रॅममध्ये घेते आणि लगेच ‘लिहिले’ असे कळवते. डिस्कवर ती नंतर उतरते. नेहमीच्या मांडणीत त्याला अर्धा मिनिटही लागू शकतो. तेवढ्यात वीज गेली तर कच्ची वही गेली! समोरचा संगणक ‘आत्ताच डिस्कवर उतरव’ असा आदेश देऊ शकतो, आणि चांगले डेटाबेस तो देतातही. पण प्रत्येक प्रोग्राम देईलच असे नाही. यूपीएस वीज सांभाळतो, कर्नलच कोलमडला तर तो काय करणार?

म्हणून आमचे सांगणे असे: वाचण्यासाठी रॅम भरपूर द्या. पगाराचा हिशेब, रुग्णाचे कागद असतील तेथे राइट-बॅक बंद ठेवा, थोडा वेळ लागला तरी चालेल. पुन्हा करता येईल अशा कामाला ते खुशाल चालू ठेवा.

आणि मुलांनो, वेग वाढला की शाबासकी वरच्यांना मिळते. नोंद बुडाली की बोलणी रात्रपाळीच्या पोराला बसतात. तेव्हा राइट-बॅक चालू करा असा हुकूम आला, तर धोका नीट समजावून सांगा आणि तो हुकूम लेखी घ्या. ज्या मजुराच्या हजेरीची ती नोंद आहे, त्याच्यासाठी ‘लिहिले’ याचा अर्थ लिहिले असाच असला पाहिजे.