खोली सुधारावी, बैठक मोडू नये

सह्याद्रीच्या माथ्यावर, जोयडा तालुक्यात, कॅसलरॉक हे छोटेसे रेल्वे स्थानक आहे. गोव्यात पोर्तुगीज अंमल होता तेव्हा हे हद्दीवरचे ठाणे होते. वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी 25 नोव्हेंबर 1955 रोजी सुरू केलेले गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र आंबोलीच्या रानातून पुढे येथल्याच जंगलात आले आणि डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत पोर्तुगीज व कोकणी भाषांतून बोलत राहिले. कॅसलरॉकचा प्रक्षेपक शब्द घाटाखाली पोचवी. तो शब्द स्वच्छ उमटणार की घुमून विरणार, हे मात्र ज्या खोलीत रेडिओ ठेवलेला असेल ती खोली ठरवी. प्रक्षेपणाची शेवटची कडी ऐकणाऱ्याच्या घरात असते, हा नियम आजही पालटलेला नाही.

पालटले आहे ते एवढेच की, या शेवटच्या कडीवर आता इलाज निघाला आहे. ऐकण्याच्या जागी कानाच्या उंचीवर एक लहानसा मायक्रोफोन ठेवावयाचा, स्पीकरमधून अतिमंद्रापासून अतितारापर्यंत सरकत जाणारा एक सूर वाजवावयाचा, आणि खोली कोणता स्वर फुगविते व कोणता गिळते याचा हिशेब संगणकाने करावयाचा. त्या हिशेबाने यंत्र मूळ ध्वनीतच आधी उलट फेरफार करून ठेवते. ज्यांच्या घरी फैयाज खाँसाहेबांच्या तबकड्या अजून जपलेल्या आहेत, अशा कुटुंबांतील तरुण मंडळींना या साधनाचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. आम्हीही त्याचे स्वागतच करतो. परंतु त्याचा गुण कोठे संपतो हेही जाणून घेतले पाहिजे.

एक साधे उदाहरण घेऊ. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे 69 कंपनांचा असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. म्हणजे त्या स्वराची लहर जवळजवळ 5 मीटर लांब झाली. आता दिवाणखाना नेमका 5 मीटर लांब असेल, तर ही लहर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकून ठाण मांडते. त्यांपैकी एका भिंतीला टेकून बसलेल्यास तो खर्ज फुगलेला ऐकू येतो, खोलीच्या मध्यावर बसलेल्यासही तसाच. आणि भिंतीपासून सव्वा मीटरवर बसलेल्यास तो जवळजवळ नाहीसाच होतो. तंबोरा एक, खोली एक. ऐकणारे तीन आणि खर्जही तीन!

यंत्राचा मायक्रोफोन त्या सव्वा मीटरच्या जागी ठेवला म्हणजे काय होईल? हरवलेला खर्ज भरून काढण्यासाठी यंत्र त्याला जोर देईल. त्या जागी तो जोर बहुतांशी आपोआपच खुडला जाईल, स्पीकरवर मात्र फुकट ताण पडेल आणि भिंतीशी बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या कानी नुसता गडगडाट येईल. फुगवटा उतरविणे यंत्रास जमते. खळगा भरणे जमत नाही. फरशी, काच व उघड्या भिंती यांमुळे स्वर जो रेंगाळत राहतो, तोही यंत्राच्या आवाक्यात फारसा येत नाही. त्यावर सतरंजी, गादी, लोड, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेली कपाटे हाच उपाय. जुन्या वाड्यांतील बैठकीच्या खोलीत हे सारे नांदत होते, आणि तेथे गाणे गोड लागे त्याचे निम्मे श्रेय त्या गाद्यागिरद्यांना दिले पाहिजे.

आमचा खरा आक्षेप यंत्रावर नाही, तो एका खुर्चीसाठी घर बांधून देण्याच्या वृत्तीवर आहे. खोलीतील एकच जागा अचूक करावयाची आणि तेथे एकट्याने बसावयाचे, हा छंद हल्ली वाढतो आहे. आपल्याकडे गाणे ऐकणे हा असा एकांतातला व्यवहार कधीच नव्हता. समेवर शेजाऱ्याची मान आपल्याबरोबर हलते, चुकलेली जागा आजोबा नातवाला तेथल्या तेथे दाखवून देतात. कान तयार होतो तो असा. कॅसलरॉकच्या रानातून निघालेला आवाजही कोणा एका कानासाठी निघाला नव्हता.

म्हणून घरोघरच्या रसिकांस आमचे सांगणे इतकेच. आधी खोली सजवावी, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावेत, मग यंत्र आणावे. मोजणी एका जागी न करता घरची माणसे जेथे जेथे बसतात त्या पाचसहा जागी करावी आणि त्यांची सरासरी धरावी. दुरुस्ती मंद्राच्या फुगवट्यांपुरती, म्हणजे सुमारे 200 ते 300 कंपनांच्या खालीच ठेवावी. वरच्या स्वरांत गायकाच्या गळ्याचा स्वभाव असतो, त्याला हात लावू नये. असे केल्याने कोणत्याच जागी संपूर्ण अचूकता मिळणार नाही हे खरे; पण प्रत्येक जागी गाणे ऐकवेल, आणि आलेल्या पाहुण्यास खुर्ची देताना संकोच वाटणार नाही.