पुलांची तपासणी : अहवालानंतर पुढे काय?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. मुंबई–गोवा महामार्गावरून निघालेल्या दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह नदीच्या पात्रात गडप झाल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ह्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो धोकादायक नसल्याचा निर्वाळा मिळाला होता, असे पुढे शासनाकडूनच सांगण्यात आले. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतच्या पादचारी पुलाचा भाग भर रस्त्यावर कोसळला व सात जणांचे प्राण गेले. महापालिकेने करून घेतलेल्या संरचनात्मक तपासणीत त्या पुलाला केवळ किरकोळ दुरुस्ती सुचविण्यात आली होती.

ह्याची दुसरी बाजूही तितकीच क्लेशदायक आहे. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे लावलेला होता. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. म्हणजे कोठे धोका दिसलाच नाही, तर कोठे तो दिसूनही पुढे काही घडले नाही. आमच्या मते प्रश्नाचे मूळ ह्या दुसऱ्या प्रकारात अधिक आहे. आपल्याकडे तपासणी होते; परंतु तिच्या निष्कर्षाची जबाबदारी घेणारा कोणी नसतो.

पुलाच्या तपासणीची पद्धत काही अज्ञात नाही. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर नित्याची पाहणी, काही वर्षांनी सखोल तपासणी आणि पूर, भूकंप वा अपघातानंतर विशेष तपासणी, असे टप्पे भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेले आहेत. कठड्याला रंग दिला म्हणजे पूल सुरक्षित झाला, असे नव्हे. गाळ्यांमधील सांधे, खांब व गाळा ह्यांच्यामधील बेअरिंग, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, काँक्रीटचे पोपडे पडून उघडी पडलेली सळई, दगडी बांधकामात रुजलेले पिंपळ आणि उंबर हे सारे जवळून पाहावे लागते. सर्वांत मोठा धोका तर पाण्याखाली असतो. पुराच्या प्रवाहाने पायाभोवतीची माती व वाळू खरवडून जाते आणि वरून भक्कम दिसणारा खांब आतून निराधार होतो. रस्त्यावर उभे राहून केलेल्या पाहणीत हे दिसणे शक्यच नाही. आपल्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे लोखंड लवकर गंजते, ही त्यात आणखी एक भर.

मात्र हे करावयाचे कोणी? राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची नोंद ठेवण्यासाठी केंद्र शासनाने २०१६ साली स्वतंत्र व्यवस्था उभारली. गावोगावचे छोटे पूल व ओढ्यांवरचे साकव तिच्या कक्षेबाहेर आहेत. एखादा पूल सार्वजनिक बांधकाम विभागाचा, दुसरा जिल्हा परिषदेचा, तिसरा नगरपालिकेचा. रुळांवरील भाग रेल्वेचा आणि दोन्हीकडचे पोहोचरस्ते आणखी कोणाचे. ह्या वाटणीत दुरुस्तीचा कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहतो. शिवाय नव्या पुलाचे उद्घाटन होते, त्यावर कोनशिला बसते. जुन्या पुलाचे बेअरिंग बदलल्याचे उद्घाटन कोणी करीत नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात देखभालीच्या वाट्याला उरलेसुरलेच येते.

तथापि केवळ अधिकाऱ्यांना दोष देऊन आपली सुटका होणार नाही. अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पूल धोकादायक म्हणून वाहतुकीस पूर्ण बंद करण्यात आला आणि नवा पूल पूर्णपणे खुला होण्यास मे २०२५ उजाडले. ह्या काळात लोकांचे हाल झाले, हे खरेच. परंतु पूल बंद केला की संताप आणि चालू ठेवला तर कौतुक, असा अनुभव आला की कोणता अभियंता ‘बंद करा’ असे लिहावयास धजावेल? पर्यायी रस्त्याची सोय आधी करून वेळीच पूल बंद करणाऱ्या प्रशासनाच्या पाठीशी नागरिकांनी उभे राहिले पाहिजे.

म्हणून आपल्या रोजच्या वाटेवरील प्रत्येक पुलाविषयी तीन साधे प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. हा पूल कोणाच्या ताब्यात आहे? त्याची शेवटची तपासणी केव्हा व कोणी केली? तीत सुचविलेली दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होणार? ग्रामसभेत हे प्रश्न मांडता येतात, नगरसेवकास विचारता येतात आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अहवालाची प्रतही मागता येते. प्रत्येक पुलावर मालक कार्यालयाचे नाव, तपासणीची तारीख व भारमर्यादा दर्शविणारा फलक असावा, ही मागणीही रास्तच आहे.

हे प्रश्न पावसाळ्यापूर्वी विचारले जावेत. दुर्घटनेनंतर चौकशी समिती नेमली जाते, मदत जाहीर होते, निलंबनाचे आदेश निघतात. परंतु त्या रात्री सावित्रीच्या पुरात गेलेली माणसे घरी परतत नाहीत.