डुकराचा दाखला आणि सरकारची पावती

डुकरांच्या रोगावर अग्रलेख लिहिलेला पाहून आमच्या काही सोवळ्या वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील. पडोत बापड्या! २०१९ च्या पशुगणनेत या देशात सुमारे ९० लाख ६० हजार डुकरे मोजली गेली, आणि ती बहुतांशी कोणा गादीवर लोळणाऱ्या धनिकाची नाहीत. आसाम आणि मिझोराममधील डोंगरी कुटुंबे, गोव्यातील ख्रिस्ती घरे, आमच्या भागातील वडार आणि कैकाडी समाजातील कित्येक माणसे यांची ती शिल्लक ठेव आहे. मुलीचे लग्न, मुलाच्या शाळेचा खर्च, सावकाराचा हप्ता हे सारे याच ठेवीतून निघते. ही ठेव आठ-दहा दिवसांत बुडविणारा रोग २०२० पासून देशात ठाण मांडून बसला आहे. त्याला अडविण्यासाठी सरकारने मुख्यतः जे हत्यार उपसले आहे, ते म्हणजे कागद. त्या कागदाची आज आम्हांस झडती घ्यावयाची आहे.

रोगाचे नाव आफ्रिकन स्वाइन फीव्हर. केनियातील या रोगाचे शास्त्रीय वर्णन १९२१ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे तो असल्याचे मे २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशातून जाहीर झाले. २०२१ साली तो मिझोराममध्ये पोचला आणि जुलै २०२२ मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यात दिसला. माणसाला तो होत नाही. डुकराला मात्र तो झाला की बहुधा काळच आला. हॉग कॉलऱ्यावर आपल्याकडे लस आहे, या रोगावर ती नाही आणि औषधही नाही. आजारी जनावर, त्याचे मांस, हॉटेलातील उष्टे खरकटे, गाडीची चाके, माणसाची पादत्राणे या साऱ्यांबरोबर तो प्रवास करतो. सबब आजारी जनावर वेगळे करणे, जनावरांची ये-जा थांबविणे आणि रोगग्रस्त कळप नष्ट करणे एवढेच उपाय हाती उरतात. हे तिन्ही उपाय वेळेवर मिळालेल्या खबरीवर अवलंबून आहेत.

म्हणूनच प्रारंभीच स्पष्ट सांगतो की, ‘कागद हवा कशाला?’ असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. कोणते जनावर कोठून निघाले व कोठे गेले याची नोंद नसली म्हणजे काय होते, हे ब्रिटनने २००१ साली पाहिले. लाळ्या-खुरकूत हा रोग तेथे एसेक्समधील एका कत्तलखान्यातील डुकरांत फेब्रुवारीत आढळला. शोध घेता घेता अधिकारी नॉर्थंबरलंडमधील एका डुक्करपालकाच्या गोठ्यापर्यंत पोचले. डुकरांना उष्टे खरकटे चारणाऱ्या त्या मालकाने आजाराची खबर दिलेली नव्हती; पुढे न्यायालयाने त्याला त्याबद्दल दोषी ठरविले. परंतु तोवर शेजारच्या मेंढ्या बाजारांतून देशभर पांगल्या होत्या आणि त्यांपैकी अनेकींचे व्यवहार नोंदीवाचून झालेले होते. पहिला रोगी सापडण्यापूर्वीच पन्नासाहून अधिक ठिकाणी रोग पोचलेला होता. अखेर साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. तेव्हा नोंदवहीची एक ओळ किती मोलाची असते, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

आमची शंका निराळी आहे. आमच्या सरकारचा कागद खबर आणण्यासाठी आहे, की जबाबदारी झटकण्यासाठी?

जनावरांच्या सांसर्गिक रोगांचा प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा २००९ सालचा आहे. त्याचे चौथे कलम वाचकांनी एकदा डोळ्यांखालून घालावे. जनावराला अनुसूचित रोग झाल्याचा संशय येताच मालकाने ग्रामअधिकाऱ्यास वा ग्रामपंचायतीस खबर ‘दिलीच पाहिजे’. आणि त्या अधिकाऱ्याने पुढे काय करावयाचे? त्याने ती जवळच्या पशुवैद्यास लेखी ‘कळवावी’. इंग्रजी मसुद्यातील शब्द सक्तीचा नसून मुभेचा आहे. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यावर सक्ती आणि ज्याच्या हाती लेखणी नि शिक्का आहे त्याला मुभा, हा कोणत्या गावचा न्याय? मालक चुकला तर दंड. खबर चावडीवरील टेबलाच्या खणात आठवडाभर पडून राहिली, तर त्या खणाला कोण दंड करणार?

पुढची पायरी अशी. पशुवैद्य येतो, नमुने घेतो, ते भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेसारख्या प्रयोगशाळेकडे जातात. तेथून होकार आल्यावर केंद्राच्या २०२० च्या कृती आराखड्याप्रमाणे रोगस्थानाभोवती एक किलोमीटरचे बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरचे निगराणी क्षेत्र आखले जाते. बाधित क्षेत्रातील डुकरे मारली जातात. आराखडा शास्त्रशुद्ध आहे, त्याला आमचा विरोध नाही. परंतु रोग मोहरेची वाट पाहत थांबत नाही. आसामात मे महिन्यात जाहीर झालेल्या रोगावर बारा हजारांच्या आसपास डुकरे मारण्याचा आदेश सप्टेंबर उजाडल्यावर निघाला. तोवर हजारो डुकरे आपोआप मेली होती. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आमच्या पूर्वजांनी उगाच रचलेली नाही.

आणि या विलंबाचा दंड कोण भरतो, हे ऐकून वाचकांस चीड आल्यावाचून राहणार नाही. भरपाई केंद्राच्या योजनेतून मिळते. सामान्यतः निम्मा भार केंद्राचा आणि निम्मा राज्याचा, आणि रक्कम जनावराच्या वजनानुसार. परंतु ती सरकारने मारलेल्या डुकरासाठी आहे. रोगाने मेलेल्या डुकरासाठी नाही! मिझोराममध्ये २०२१ या एका वर्षात तीस हजारांहून अधिक डुकरे रोगाने दगावली. सरकारी हाताने मारलेल्यांची संख्या त्याहून पुष्कळ कमी होती. याचा अर्थ एवढाच की, अधिकारी लवकर आला तर मालकाच्या पदरी काही पडते. तो उशिरा आला तर मालकाची पाटी कोरी. कसूर कचेरीची, तोटा गरिबाचा.

आता त्या मालकाच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. पाच डुकरांपैकी एक अंग टाकून पडले आहे. खबर दिली तर मारणारे येईपर्यंत पाचही मरतील आणि हाती एक पैसा येणार नाही. आज रात्री उरलेली चार टेंपोत घालून पलीकडच्या बाजारात नेली, तर निदान निम्मे पैसे तरी सुटतील. तो काय करील? जो करावयास नको ते करील. त्याच्या टेंपोबरोबर रोग नाका ओलांडील, आणि मग आम्ही सारे मिळून त्याच्या अडाणीपणास शिव्या घालू. त्याला हा हिशेब कोणी शिकविला? सरकारच्या भरपाईच्या नियमाने शिविला असे नव्हे, तर चांगला घोटून शिकविला!

नाक्याची कथाही अशीच. रोगमुक्त भागातून डुकरे नेणाऱ्यास आरोग्याचा दाखला लागतो, आणि लागलाच पाहिजे. पण दाखला देणारा पशुवैद्य आठवड्यातून एकदा येणार, बाजार मात्र त्याच्या सवडीने भरणार नाही. मग प्रामाणिक माणूस घरी बसतो आणि अप्रामाणिक माणूस आडवाट धरतो. दोन राज्यांच्या सीमेवर राहणाऱ्या आम्हांस या आडवाटा नव्याने सांगावयास नकोत. शेजारच्या राज्यांस रोगाची सूचना धाडण्याचे बंधन याच कायद्याने राज्याच्या संचालकांवर घातले आहे. ती सूचना राजधानीतून राजधानीत पोचून भागत नाही. सीमेच्या पलीकडे दोन कोसांवर राहणाऱ्या डुक्करपालकाच्या कानी ती त्याच दिवशी, त्याच्या भाषेत पडली पाहिजे. जो नमुना भरणाऱ्यास वाचता येत नाही, त्यावरील अंगठा हा कबुलीजबाब असतो, माहिती नव्हे. गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक माणसास दिला आहे. भरपाईसाठी कचेरीच्या दारी उभ्या राहिलेल्या डुक्करपालकाला तो नाकारण्याचा अधिकार कोणत्याही कारकुनाला नाही.

यावर कचेरीचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. मेलेल्या डुकराचीही भरपाई दिली, तर लोक खोटे दावे करतील म्हणे! करतील काही जण. पण त्यासाठीच पंचनामा असतो, नमुना असतो, प्रयोगशाळा असते. एका लबाडाच्या भीतीने नऊ प्रामाणिकांना लबाड बनविणे ही कोणती काटकसर? दडविलेल्या एका रोगी कळपाने दहा गावे बुडाली, तर त्याचा खर्च कोणत्या रकान्यात मांडणार?

म्हणून आमचे म्हणणे थोडके आणि स्पष्ट आहे. खबर तोंडी असो वा लेखी, ती घेणाऱ्याने त्याच दिवशी दिनांक-वेळ घातलेली पावती दिली पाहिजे. ग्रामअधिकाऱ्याने ती चोवीस तासांत पशुवैद्याकडे पाठविणे सक्तीचे झाले पाहिजे. मुभेचा तो शब्द कायद्यातून गेला पाहिजे. पावतीच्या वेळेनंतर जे डुकर मेले आणि ज्याचा रोग तपासणीत सिद्ध झाला, ते सरकारने मारले असे धरून भरपाई दिली पाहिजे, आणि ती ठरलेल्या मुदतीत. दाखल्यासाठी बाजाराच्या आदल्या दिवशी पशुवैद्य गावात असला पाहिजे. नमुने त्या त्या गावच्या लोकांच्या भाषेत छापले पाहिजेत.

यांत खजिना रिता होईल असे काही नाही. आजवर कागद एकाच दिशेने चालत आला. गरिबाच्या हातून कचेरीकडे. कचेरीकडून गरिबाच्या हाती एक पावती येऊ द्या, मग खबर कशी धावत येते ते पाहा. मालकाने खबर दिली नाही तर तो गुन्हेगार ठरतो. मग खबर मिळूनही जी कचेरी हलत नाही, तिला काय म्हणावयाचे, हे सरकारने सांगावे. आम्ही उत्तराची वाट पाहत आहोत. रोग मात्र पाहणार नाही.