खोली लहान घ्या, पण शहरात घ्या

युरोपच्या सहलींची माहितीपत्रकं एकदा नीट वाचून पाहा. वर मोठ्या अक्षरांत 'रोम – २ रात्री' असतं आणि खाली बारीक अक्षरांत 'रोम किंवा परिसरातील हॉटेल'. हा 'परिसर' मोठा लबाड शब्द आहे. रोमच्या भोवती 'ग्रान्दे राक्कोर्दो आनुलारे' नावाचा ६८ किलोमीटरचा वर्तुळाकार महामार्ग आहे. तिथं बस उभी करायला ऐसपैस जागा मिळते, खोल्याही स्वस्त, म्हणून सहलीचा मुक्काम तिथं किंवा त्याच्याही पलीकडे. सकाळी आठला बस, कलोसियमसमोर फोटो, त्रेवीच्या कारंज्यात नाणं, आणि संध्याकाळी सातला पुन्हा बस. कुणी पणजी पाहायला आला, त्याला आपण धारबांदोड्याला उतरवलं, रोज बाणास्तारीच्या पुलावरून आणलं आणि दिवेलागणीला परत नेलं, तर त्यानं पणजी पाहिली असं आपण म्हणू का? सकाळच्या पोदेराचा पों पों त्यानं ऐकलेलाच नसतो.

सहलकंपन्यांचं एक वेळ समजू शकतं. त्यांना पन्नास माणसं आणि एक बस सांभाळायची असते. माझं म्हणणं आहे ते स्वतः ठरवून जाणाऱ्या आपल्या मुलामुलींबद्दल. हल्ली कुणी पदव्युत्तर शिक्षणासाठी तिकडे असतो आणि सुट्टीत रोमला जायचं म्हणतो, कुणाची बहीण नोकरीला तिकडे असते, कुणी दोन वर्षं शिकवण्या घेऊन पैसे साठवलेले असतात. मोबाईलवर हॉटेलांची यादी उघडायची, 'कमी किंमत आधी' या बटणावर बोट ठेवायचं आणि पहिल्या पाचांतलं एक घ्यायचं, अशी ही सगळी योजना. यादीत वर येतं ते बहुधा शहराबाहेरचं. आणि ते स्वस्त नसतं.

हिशेब करून पाहू. दोघी मैत्रिणी चार रात्रींसाठी चालल्या आहेत. समजा फ्युमिचिनो विमानतळाजवळची खोली ५५ युरोला मिळते आणि शहरातली ८५ला. फरक ३० युरोचा, म्हणजे दर माणशी रात्रीला १५. आता विमानतळाच्या स्टेशनवरून शहरात यायला साधी लोकल आहे, तिचं तिकीट ८ युरो. जाऊन येऊन १६. वाचवलेले पंधरा गेले, वर एक युरो खिशातला गेला! शिवाय ही गाडी त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना या स्टेशनांना जाते, मुख्य तेर्मिनी स्टेशनला जात नाही. तिथं थेट जाणारी 'लिओनार्दो एक्स्प्रेस' १४ युरो घेते. हॉटेल ते स्टेशन, गाडीची वाट, मग पुढची मेट्रो असं धरलं तर रोजचे दोनेक तास सहज जातात. चार दिवसांत आठ तास. एवढ्या पैशांनी आणि व्हिसाच्या एवढ्या दगदगीनं मिळवलेल्या चार दिवसांतला एक दिवस रेल्वेच्या डब्यात.

पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे. रोम पाहायचं ते सकाळी सात ते नऊ आणि रात्री नऊनंतर. दिवसा त्रेवीपाशी कारंजं दिसत नाही, माणसांच्या पाठी दिसतात. सकाळी सातला तिथं झाडू मारणारे असतात आणि पाण्याचा आवाज असतो. पियात्सा नव्होना, पँथिऑनसमोरचा चौक, तायबरवरचे पूल, यांना तिकीट नाही आणि दारही नाही. म्हणजे कमी पैशांत जाणाऱ्यासाठी रोमचं उत्तम जे आहे ते फुकट आहे. अट एवढीच की तुम्ही चालत पोचण्याइतके जवळ हवेत.

मराठीच्या विद्यार्थ्याला तर आणखी एक कारण आहे. तेर्मिनी स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की क्विरिनाले टेकडीवर सांत आंद्रेआचं चर्च लागतं. आज उभं आहे ते बेर्निनीनं सतराव्या शतकात बांधलेलं, पण त्याआधीपासून या जागी जेझुइटांचं नवशिक्यांचं घर होतं. १५७५ साली एक इंग्रज तरुण इथं दाखल झाला. चार वर्षांनी लिस्बनहून जहाजात बसून तो गोव्याला आला आणि पुढे त्यानं मराठीत जे लिहिलं ते आपण अभ्यासाला घेतो. थॉमस स्टीफन्स. 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं, हे आपल्याला परीक्षेपुरतं पाठ असतं. तो माणूस ज्या चढावरून रोज जात-येत असेल तिथं सकाळी पायी जाता येणं, हे कुठल्याच पॅकेजात नसतं. आणि वर्तुळमार्गावरच्या हॉटेलातून तेवढ्यासाठी कुणी येतही नाही.

मग कमी पैशांत शहरात राहायचं कसं? सोडायचं काय, हे आधी ठरवायचं. तारे सोडा. स्वतंत्र बाथरूम सोडा. जाहिरातीत 'बान्यो इन कोमुने' लिहिलेलं असेल तर बाथरूम दोन-तीन खोल्यांत मिळून आहे असं समजायचं. त्यानं भाडं बरंच उतरतं. खिडकीतून देखावा नको, आतल्या चौकाकडे उघडणारी खोली चालेल; ती उलट शांत असते. जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरचं दहा खोल्यांचं हॉटेल घ्या, फक्त लिफ्ट चालू आहे का ते विचारा. (आपल्या लोकांच्या मनातला, पण कुणी न विचारणारा प्रश्न: पाणी वापरायची सोय असते का? इटलीत घराघरात बिडे बसवणं १९७५च्या नियमानं बंधनकारक झालं. साध्या हॉटेलांतही तो बहुधा असतो. इतर युरोपात हे सुख शोधावं लागतं.)

जागा कुठली? माझी कसोटी एकच आहे. रात्री अकराला तुम्ही जिथं असाल तिथून पायी किंवा एका तिकिटात परत येता आलं पाहिजे. दीड युरोचं तिकीट १०० मिनिटं चालतं. त्या हिशेबानं मेट्रोच्या 'ए' मार्गावरचं रे दी रोमा किंवा फुरियो कामिल्लो मला चालेल, नकाशावर ते जरा लांब दिसलं तरी. तेर्मिनीच्या आसपास सगळ्यात जास्त स्वस्त खोल्या आहेत आणि त्या भागाला नावं ठेवणारेही पुष्कळ. रात्री स्टेशनाभोवती सावध राहावं हे खरं. पण जवळच पियात्सा व्हित्तोरिओ आहे, तिथल्या बंदिस्त बाजारात भेंडी, हिरवी मिरची, कोथिंबीर, डाळी, मसाले सगळं मिळतं. हॉस्टेलात स्वयंपाकघर असेल तर तिसऱ्या दिवशी वरणभात करून खाता येतो, आणि त्या वरणभाताची किंमत तिसऱ्या दिवशीच कळते. पाकीटमारांची भीती मला वस्तीपेक्षा ६४ नंबरच्या बसमध्ये जास्त वाटते. ती स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाते आणि चोरांनाही ते ठाऊक आहे.

आता आपल्या कॉलेजातल्यांना खरं तर आधी सुचायला हवी अशी जागा. रोममध्ये अनेक धर्मसंघांची पाहुणेघरं आहेत. 'कासा पेर फेरिए' असं त्यांना म्हणतात. सिस्टर चालवतात, काही ठिकाणी फादर. खोलीत लोखंडी किंवा लाकडी एकेरी खाट, भिंतीवर क्रूस, पांढरी चादर, स्वच्छ फरशी. सकाळी पाव, जॅम, कॉफी. टीव्ही बहुधा नाही. तुम्ही कॅथलिक आहात का असं सहसा कुणी विचारत नाही. आपल्या वर्गातल्या हिंदू-मुसलमान मुलीही तिथं तितक्याच मोकळेपणानं राहू शकतात. रात्री अकराला किंवा बाराला दार बंद होतं, ही एक अट. काहींना ती जाचक वाटेल. पण 'मुलगी एकटी परदेशात कुठं राहणार?' या एका प्रश्नावर जिची सहल घरातच अडते, तिच्यासाठी सिस्टरांचं बंद दार हेच पासपोर्टाचं काम करतं. आईची समजूत काढायला ताऱ्यांचा उपयोग नसतो.

या घरांच्या बाबतीत सगळंच गोड आहे असं मात्र नाही. धर्मसंस्थांच्या अशा कमाई करणाऱ्या वास्तूंना मालमत्ताकरात सवलत का, यावरून इटलीत मोठा वाद झाला आणि २०१८ साली युरोपीय न्यायालयाचा त्यावर निकालही आला. शेजारच्या छोट्या हॉटेलवाल्याची तक्रार मला रास्त वाटते: सेवा तीच, मग कर वेगळा का? राहायला जाणाऱ्यानं हे माहीत असू द्यावं. तरीही मी त्या घराची शिफारस करीन.

जिची करणार नाही ती म्हणजे भाड्याच्या फ्लॅटची. चौघं असाल तर फ्लॅट स्वस्त पडतो, कबूल. पण कुणाच्या जागेवर पडतो? मध्य रोमच्या जुन्या वस्त्यांत राहती घरं एकामागून एक पाहुण्यांची झाली. २०२५च्या ज्युबिली वर्षाआधी तिथल्या काही तरुणांनी दारांवर टांगलेल्या किल्ल्यांच्या पेट्या तोडल्या आणि तिथं रॉबिन हूडच्या टोप्या अडकवून ठेवल्या. मोडतोडीचं समर्थन मी करत नाही. पण आसगाव, शिवोलीची घरं ज्यांनी डोळ्यांदेखत बदलताना पाहिली, आणि पणजीत शिकायला आल्यावर परवडणारी खोली शोधताना ज्यांच्या चपला झिजल्या, त्यांना या टोप्यांचा अर्थ सांगायला लागू नये. एवढं सांगूनही कुणाला फ्लॅटच घ्यायचा असेल, तर जाहिरातीत 'चिन' हा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक आहे का ते तपासा. २०२५पासून तो सक्तीचा आहे. शिवाय तिथं प्रत्येक पाहुण्याची नोंद २४ तासांत पोलिसांकडे पाठवावी लागते. पासपोर्ट न पाहता किल्ली देणारा मालक हा उदार नसतो.

व्हिसाचं थोडक्यात. (ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, आणि आमच्यावर हसू नये.) शेंगेन व्हिसाला ९० युरो शुल्क, निदान ३०,००० युरोंचा प्रवासविमा आणि राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; अगदी शेवटची मुदत पंधरा दिवसांची, पण तिथवर थांबू नये. या पुराव्यासाठी काही एजंट 'डमी बुकिंग' देतात, म्हणजे पाचशे-सातशे रुपयांत एका हॉटेलच्या नावाचा खोटा कागद. सगळे करतात, काही होत नाही, असं सांगितलं जातं. खोटा कागद सापडला तर व्हिसा नाकारला जातो आणि ती नोंद पाच वर्षं त्यांच्या यंत्रणेत राहते. पुढे शिक्षणासाठी जायचं असेल तर हा डाग पाचशे रुपयांना फार महाग आहे. आणि त्याची गरजही नाही. पैसे न भरता रद्द करता येणारं खरं बुकिंग मिळतं. फार तर रात्रीला चार-पाच युरो जास्त पडतात. व्हिसा हातात येईपर्यंत 'परतावा नाही' असं लिहिलेल्या दराला हात लावू नका. सिस्टरांच्या घराकडून संस्थेच्या छापील कागदावर नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा घातलेलं पत्र मागून घ्या.

महिना निवडता आला तर नोव्हेंबर किंवा जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. तेव्हा तीच खोली बरीच स्वस्त असते. पवित्र आठवडा आणि ईस्टर रोममध्ये अनुभवायची इच्छा आपल्यातल्या अनेकांना असणार, पण त्या दिवसांत सिस्टरांची घरंसुद्धा कित्येक महिने आधी भरतात. जुलै-ऑगस्टात पारा ३५च्या वर जातो आणि जुन्या घरांत एसी नसतो. 'पंखा आहे का' हे विचारण्यात लाज नाही.

ई-मेल इंग्रजीत लिहिला तरी चालतो, वर दोन ओळी इटालियनमध्ये घातल्या तर उत्तर लवकर येतं. काय विचारायचं: दार किती वाजता बंद होतं, बाथरूम कुठं आहे, न्याहारी धरून भाडं किती, पहाटेचं विमान असेल तर दार कोण उघडणार. भाड्यात शहराचा प्रवासीकर बहुतेकदा धरलेला नसतो. हॉटेलात तो माणशी, रात्रीमागे घेतात: एका ताऱ्याला ४ युरो, दोनला ५, तीनला ६. पुष्कळ ठिकाणी तो रोख मागतात, तेव्हा निघताना दोघींपैकी एकीच्या पाकिटात सुट्टे युरो असू द्या.