गायनशाळेचा शिक्का आणि गवयाचा गळा

“गायनशाळांतून गवई निपजत नाहींत” हा आक्षेप आतां इतका रुळला आहे कीं, तो करणारास पुराव्याची गरजच वाटेनाशी झाली आहे. पुरावा न पाहतां निकाल देण्याची संवय कायद्याच्या अभ्यासानें आम्हांस लागूं दिली नाहीं. म्हणून या खटल्याचे कागद एकदां वाचकांपुढें ठेवतों.

ता. ५ मे १९०१ रोजीं पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. बडोद्यास मौलाबक्षांची शाळा १८८६ सालींच निघाली होती; पण तिच्या पाठीशीं दरबार होता, पलुसकरांच्या पाठीशीं लोक. सभ्य घरच्या मुलींनीं गाणें म्हणजे घराण्यास बट्टा, असें मानणारे ते दिवस. तिकडे पं. भातखंडे यांनीं (हे आमच्याच धंद्यांतले, कराचीस त्यांनीं कांहीं काळ वकिली केली होती) घराण्यांच्या कुलुपांतील चिजा मिळवून स्वरलिपींत छापल्या, आणि १९१८ सालीं ग्वाल्हेरास व १९२६ सालीं लखनौस विद्यालयें उभीं राहिलीं. उस्तादाच्या लहरीवर टांगलेली विद्या फी भरणाऱ्या कोणासही मिळूं लागली. हा उपकार जो विसरेल तो कृतघ्न होय.

पण आज आमच्या गांवोगांवच्या वर्गांत काय चालतें? आठवड्यांतून दोन तास, एका खोलींत पंधरावीस मुलें, मध्यें एक पेटी. सर्वांनीं एकाच पट्टींत गावयाचें. मग कोणाचा गळा ताणला जातो, तर कोणाचा खर्जांत बुडतो. दरबारी कानड्याचा कोमल गंधार स्वरलिपींत दिसतो, पण तो कसा व किती आंदोलित करावा हें कागद सांगत नाहीं. तें गुरूनें गाऊन दाखवावें, शिष्यानें शंभरदां चुकावें आणि गुरूनें शंभरदां अडवावें, तेव्हां तो गळ्यांत बसतो. दोन तासांत पंधरा जणांस कोण अडविणार? मग उरतात रागाची माहिती, पाठ केलेल्या ताना आणि ‘विशारदा’चें प्रमाणपत्र. एल्एल्. बी. झालेला प्रत्येक मनुष्य कोर्टांत उभा राहूं शकतो अशी ज्याची समजूत असेल, त्यानेंच हें प्रमाणपत्र म्हणजे गवईपण समजावें.

मग शाळाच नकोत काय? तसेंही नाहीं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे पलुसकरांच्या विद्यालयांतच तयार झाले. कुमार गंधर्व देवधरांच्या मुंबईच्या शाळेंत वाढले. रातंजनकरांनीं लखनौच्या विद्यालयाचा कारभार पाहतांच गिंडे, कैकिणी, भट यांसारखे शिष्य घडविले. या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे: शिष्य गुरूच्या सहवासांत सकाळसंध्याकाळ होता. शाळा आड आली नाहीं. आड येतें तें घड्याळ, आणि घड्याळामागें पैसा.

येथेंच आम्हांस व्यापारी वाचकांशीं बोलावयाचें आहे. मुंबईस पलुसकरांनीं कर्ज काढून इमारत बांधली व १९२० नंतरच्या दशकांत ती कर्जापायींच गेली. तरी अद्यापि देणगी म्हटली कीं आम्हांस सभागृह सुचतें, कारण त्यावर नांवाची फरशी बसवितां येते. गवई-शिक्षकाच्या पगारावर ती बसवितां येत नाहीं! कलकत्त्यास आय.टी.सी. या व्यापारी कंपनीनें १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस संगीत संशोधन अकादमी काढली, तेव्हां गुरूंस आवारांत बिऱ्हाडें दिलीं व निवडक शिष्यांस विद्यावेतन दिलें. निसार हुसेन खांसाहेबांबरोबर १९८० सालीं तेथें आलेले राशिद खां पुढें कोण झाले, हें सर्वांस ठाऊक आहे.

आमच्या शहरांतील पेढ्यांनीं मिळून एका गुरूचा बारमाही पगार आणि चार होतकरू मुलामुलींचें जेवणखाण व राहणें पांच वर्षें पत्करावें. विद्यालयांनींही शेवटची परीक्षा बंद खोलींत न घेतां, अनोळखी तबलजी साथीस देऊन, तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढें तासभर गावयास लावून घ्यावी. नापास झालेल्यांची संख्या पहिलीं दोन वर्षें मोठी दिसेल. ती छापण्यास आमच्या पत्रांत जागा आहे.