रविवार कुणाचा?

जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद, वस्तीत गवत कापायचे यंत्रसुद्धा बंद. १९१९ च्या वायमार घटनेतले रविवारच्या विश्रांतीचे कलम १९४९ च्या घटनेतही कायम राहिले. पण आम्ही ख्रिस्ती मराठी मंडळी स्वस्थ बसतो कुठे? नाताळच्या कार्यक्रमाच्या बैठका, करंज्यांच्या याद्या, हॉलचे भाडे! गेल्या वर्षी सगळे यथास्थित पार पडले. प्रार्थना तेवढी घाईत उरकली, अन् आजारी काकूंना भेटायचे राहूनच गेले.

लूकच्या शुभवर्तमानातली मार्था अशीच कामात गुंतली. मरीया मात्र प्रभूच्या पायाशी बसली. केडगावला शेकडो निराधार बायकामुलींना सांभाळून पंडिता रमाबाईंनी अख्खे बायबल मराठीत आणले. मग ‘वेळ नाही’ कुठल्या तोंडाने म्हणायचे?

येत्या रविवारी आधी काकूंकडे, मग बैठक!